नवापूरच्या कोंबड्या आणि माणसाचा घसा

सन २००६ च्या फेब्रुवारीत, गुजरातच्या सीमेला खेटून वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या धडाधड मरू लागल्या, त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले, आणि तेथून एच५एन१ या जातीच्या बर्ड फ्लूचा निर्वाळा येताच सरकारी हुकूम सुटून लक्षावधी पक्ष्यांची विल्हेवाट लावण्यात आली. भारताच्या भूमीवर या विषाणूची ही पहिलीच अधिकृत नोंद होती. परंतु पिसांच्या धुरळ्यात आणि विष्ठेच्या दर्पात ज्यांचे दिवस जात होते, त्या मजुरांपैकी एकाच्याही अंगी हा रोग सिद्ध झाला नाही.

पुढे साडेतीन वर्षांनी फ्लूचाच दुसरा एक विषाणू, एच१एन१, पुण्यात अवतरला. ३ ऑगस्ट २००९ रोजी एका शाळकरी मुलीचा त्याने बळी घेतला, देशातला तो पहिला मृत्यू ठरला, आणि पाहता पाहता शाळा ओस पडून रस्तोरस्ती माणसे तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागली. एकाच कुळातील हे दोन विषाणू. त्यांपैकी एक खुराड्याच्या दाराशी अडला आणि दुसरा घराघरांत शिरला, हा भेद कशामुळे पडला, हे समजून घेणे म्हणजेच फ्लूचे मर्म समजून घेणे होय.

फ्लूच्या ज्या प्रकाराने महासाथी घडविल्या, त्या 'अ' प्रकारच्या विषाणूची सारी दौलत आरएनएच्या आठ तुटक पट्ट्यांत साठविलेली असते, आणि त्या आठांवरील अक्षरांची बेरीज अवघी साडेतेरा हजारांच्या घरात जाते. आपल्या पेशींत डीएनएची नक्कल होताना चुका हुडकून दुरुस्त करणारा तपासनीस सदैव हजर असतो. फ्लूच्या दप्तरात असा तपासनीसच नसल्याने सरासरीने जवळजवळ प्रत्येक प्रतीत एखादे अक्षर चुकते. यांतील बहुतेक चुका विषाणूला घातक किंवा निरुपयोगी ठरतात. परंतु एका रोग्याच्या शरीरात अशा प्रतींची संख्या कोट्यवधींवर जात असल्यामुळे, एखादी चूक नव्या घरात उपयोगी पडणारी निघाली, तर तिचीच संतती उरते आणि बाकीच्यांचा मागमूस राहत नाही. विषाणूला ना बुद्धी आहे, ना हेतू; निवड करतो तो आपलाच देह.

या निवडीची पहिली चौकी घशात आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन पेशीवरील सियालिक आम्लाच्या टोकाला चिकटल्यावाचून त्याला आत प्रवेश नाही. हे टोक त्याखालच्या शर्करेशी बदकांच्या आतड्यात एका धाटणीने जोडलेले असते, तर माणसाच्या नाकाघशात बहुतांशी दुसऱ्या धाटणीने, आणि म्हणून पक्ष्यांच्या कुलपाची किल्ली आपल्या वरच्या श्वासमार्गात सहसा फिरत नाही. पक्ष्यांच्या धाटणीची कुलपे माणसातही आहेत, पण ती मुख्यतः फुप्फुसाच्या खोल भागात. त्यामुळे १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ ची लागण झालेल्या १८ जणांपैकी ६ जण दगावले, तरी खोकल्याशिंकेवाटे ती साथ माणसामाणसांत पसरली नाही. याउलट १९५७ आणि १९६८ च्या महासाथींच्या विषाणूंत हिमॅग्लुटिनिनच्या साखळीतील दोनच अमिनो आम्ले, २२६ व्या आणि २२८ व्या स्थानावरची, पालटली होती, आणि तेवढ्याने किल्लीचा दात माणसाच्या कुलपाला जुळला.

दुसरी चौकी पेशीच्या आत आहे. आपल्या प्रती काढण्यासाठी विषाणूला यजमानाच्या एएनपी३२ या प्रथिनाची मदत घ्यावी लागते. पक्ष्यांतील या प्रथिनाला ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा जोडलेला असतो आणि माणसात तो नसतो, हे लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. पक्ष्यांकडून आलेल्या विषाणूचे यंत्र त्या तुकड्यावाचून अडखळते. परंतु विषाणूच्या पीबी२ या प्रथिनातील ६२७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले की तेच यंत्र माणसाच्या पेशीत सुरळीत चालू लागते. २००९ च्या विषाणूत हा बदल नव्हता, पण त्याच प्रथिनातील ५९० आणि ५९१ या स्थानांवरच्या बदलांनी तेच कार्य साधले होते. म्हणजे एक वाट बंद असली, तरी दुसरी सापडू शकते.

एकेक अक्षर चुकत जाणारी ही वाट संथ आहे. आठ तुटक पट्ट्यांमुळे जी दुसरी वाट खुली होते ती एका झेपेची. एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू एकाच वेळी शिरले, तर त्यांच्या पट्ट्यांची सरमिसळ होऊन अगदी नव्या घडणीची संतती बाहेर पडू शकते. १९५७ च्या विषाणूने पक्ष्यांच्या विषाणूकडून तीन पट्ट्या घेतल्या होत्या, १९६८ च्या विषाणूने दोन. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही धाटणींची कुलपे आढळत असल्याने अशा संकराला तेथे अनुकूल क्षेत्र मिळते, आणि पुण्यात आलेल्या विषाणूच्या आठ पट्ट्यांत तर पक्षी, डुक्कर आणि माणूस या तिघांच्याही विषाणूंचा वारसा डुकरांमार्फत एकवटला होता.

माणसात एकदा बस्तान बसल्यावरही या विषाणूचे पालटणे थांबत नाही. पूर्वीच्या लागणीने किंवा लसीने आपल्या रक्तात उभी केलेली प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात, ते अडविले जातात. ज्यांचे रूप किंचित बदलले आहे, ते निसटतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेकडून लसीच्या घटकांची शिफारस वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, नव्याने केली जाते, आणि गेल्या साली घेतलेली लस यंदा पुरेशी ठरेलच असे नाही.

नवापूर आणि पुणे यांमधले अंतर नकाशावर काही शे किलोमीटरांचे असले, तरी विषाणूच्या लिपीत ते मोजक्याच अक्षरांचे असू शकते. फेरेट या प्राण्यांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एच५एन१ ला हवेतून पसरण्यासाठी बोटांवर मोजता येतील इतकेच बदल पुरले. कोठली अक्षरे केव्हा पालटतील हे कोणी सांगू शकत नाही. ती पालटली की तात्काळ वाचता येतील, एवढी तजवीज मात्र आपल्या हाती आहे. यास्तव कोंबड्या अकस्मात मरू लागल्या, तर नुकसानीच्या धास्तीने ते लपवून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ वर्दी द्यावी, त्या वर्दीमुळे ज्याच्या कोंबड्या मारल्या जातील त्याला वाजवी भरपाई वेळेवर मिळावी, आणि घरातील वृद्धांनी व गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी लस घ्यावी. खुराड्याच्या दाराशी आज जो पहारा राहील, तोच उद्या गावाच्या कामी येईल.