बोलत्या चेहऱ्यापुरती चौकट

डोक्यावर पांढरं हेल्मेट घातलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय. चेहऱ्याने पडदा भरलाय. ओठ, भुवया, मान, सगळं हलतंय आणि कॅमेराही स्थिर नाही. मग कॅमेरा एकदम बाजूला वळतो आणि बांधकाम चालू असलेली इमारत दिसते. ‘फोरमन’ नावाची ही छोटी चित्रफीत व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक इंजिनिअरने पाहिलेली असते. तिच्या जोडीला ‘अकियो’ ही दुसरी फीत: बातम्या सांगणारी बाई, मागचं दृश्य अगदी स्थिर. कमी हालचालीचं चित्र स्वस्तात पाठवता येतं का हे अकियोवर कळायचं, आणि कॅमेरा वळल्यावर पद्धत कोलमडते का हे फोरमनवर. या फिती दोन मापांत वापरल्या गेल्या: ३५२ बाय २८८ पिक्सेल, म्हणजे सीआयएफ, आणि त्याच्या पाव क्षेत्रफळाची १७६ बाय १४४, म्हणजे क्यूसीआयएफ. जगभरातल्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा पाया या दोन चौकटींवर घातला गेला.

ही मापं ठरली ती एका तडजोडीतून. १९८०च्या दशकात टेलिव्हिजनचे दोन तट होते. युरोपचे बहुतेक देश आणि भारत इथे ६२५ रेषांचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका आणि जपानमध्ये ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. लंडन आणि टोकियो यांच्यात समोरासमोर बैठक घ्यायची तर एका टोकाचं चित्र दुसऱ्याच्या पद्धतीत बदलायलाच हवं. ते काम कुणी करायचं? दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या सीसीआयटीटीने १९८४च्या अखेरीस यासाठी तज्ज्ञांचा गट नेमला. जपानच्या एनटीटी कंपनीचे साकाए ओकुबो त्याचे अध्यक्ष होते.

गटाने रेषा एका तटाकडून घेतल्या आणि वेग दुसऱ्याकडून. ६२५ रेषांच्या पद्धतीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेषा ५७६, त्यांच्या निम्म्या २८८. फ्रेमचा वेग मात्र अमेरिका-जपानचा, सेकंदाला २९.९७. त्यामुळे युरोपला वेग बदलून घ्यावा लागला आणि अमेरिका-जपानला रेषा. ओझं दोघांत वाटलं गेलं. रुंदी ३५२ ठेवण्यामागे शुद्ध व्यवहार होता. चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करायचं होतं. ३५२ मध्ये असे २२ चौकोन बसतात, २८८ मध्ये १८. एकूण ३९६, आणि कडेला तुकडा उरत नाही.

खरी अडचण तारेची होती. सीआयएफची एक फ्रेम जशीच्या तशी पाठवायला सुमारे १२ लाख बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साडेतीन कोटींहून जास्त. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन जाळ्याच्या एका वाहिनीतून सेकंदाला जायचे फक्त ६४ हजार. क्यूसीआयएफवर उतरून सेकंदाला १० फ्रेम पाठवल्या तरी ३० लाख बिट होतात, तारेच्या कुवतीच्या ४७ पट.

१९९०च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या एच.२६१ या मानकाने ही दरी बुजवली. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून रंगाची माहिती पाव भागच ठेवली (वरच्या आकड्यांत ही कपात धरलेली आहे). मागच्या फ्रेममधला चौकोन किंचित सरकला असेल तर चौकोन पुन्हा न पाठवता तो किती सरकला तेवढंच कळवलं. उरलेल्या फरकाचे ८ बाय ८ चे तुकडे डीसीटी या गणिती प्रक्रियेतून काढले आणि डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळले. ही प्रक्रिया मांडणारा १९७४चा शोधनिबंध नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांचा. अहमद मूळचे बंगळुरूचे. त्यांचं हे गणित आज जेपीईजी फोटोतही आहे.

एच.२६१चा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम मात्र गणिताचा नाही. सीआयएफ ऐच्छिक होता, क्यूसीआयएफ सक्तीचा. ६४ हजारांच्या एक ते तीस पटींपर्यंत वेग वापरायची मुभा होती. ज्या कंपनीला परवडेल तिने सहा वाहिन्या जोडून बैठकीच्या खोलीत सीआयएफ चालवावा. पण यंत्र कितीही महागडं असलं, तरी समोर एकाच वाहिनीवरचं साधं यंत्र आलं तर त्याच्याशी बोलता आलंच पाहिजे.

पुढे या चौकटी बैठकीच्या खोलीबाहेर पडल्या. एच.२६१च्या पायावर एमपीईजी-१ हे मानक उभं राहिलं आणि त्यातून व्हीसीडी आली. मराठी नाटकांच्या ज्या व्हीसीडी आपण घरी लावल्या, त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ चंच. दुकानांतल्या जुन्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर ‘सीआयएफ’ हा पर्याय असायचा, कारण त्यात हार्ड डिस्क जास्त दिवस पुरायची. थ्रीजीचे सुरुवातीचे व्हिडिओ कॉल क्यूसीआयएफवर चालायचे. २००३ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला मान्यता दिली. आरोपीसमोर साक्ष नोंदवण्याची कायद्याची अट अशाने पूर्ण होते, असा तो निर्णय. कायद्याने पडद्यावरच्या हजेरीला हजेरी मानलं, ते एचडी चित्र सर्रास मिळू लागण्याच्या कितीतरी आधी.

आज फोनचा कॅमेरा फोरकेमध्ये चित्रण करतो. तरीही डोंगराआडच्या गावात रेंज ढासळली की मीटिंगचं ॲप चित्र लहान करतं, फ्रेम गाळतं आणि संभाषण तुटू देत नाही. ही पायरी खाली असते म्हणूनच तिथला माणूस डॉक्टरपुढे, शिक्षकापुढे, न्यायाधीशापुढे हजर राहू शकतो. नव्या यंत्रणेची चाचणी शहरातल्या फायबरवर घेऊन समाधान मानणाऱ्यांनी क्यूसीआयएफच्या सक्तीकडे पाहावं. वरची मर्यादा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडता येते. खालची हमी मात्र सगळ्यांनी मिळून, आधीच आणि लेखी ठरवावी लागते.