उंबरखिंडीतला खान नेमका कोण?

'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' हा भयखेळ २०१४ साली आला. त्याच्या पुढच्या भागांत खलनायक पडद्यावर फक्त एक जांभळी आकृती म्हणून दिसायचा. नाव नाही, चेहरा नाही. हा जांभळा माणूस कोण यावर जगभरातल्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे डोकी लढवली. विल्यम अ‍ॅफ्टन हे नाव पुढे आलं तेव्हाही वाद मिटला नाही, कारण त्याच खेळावर बेतलेल्या कादंबऱ्यांतले धागे लोक खेळाच्या कथेत ओवत राहिले. त्या कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, असं खुद्द निर्मात्यानं सांगूनही हे थांबलं नाही. दोन वेगळ्या गोष्टींतली सारख्या नावाची माणसं एकच धरली की असाच घोळ होतो.

आपल्या खालापूर तालुक्यातही एक असाच खलनायक आहे. त्याच्याविषयीचा घोळ अगदी याच जातीचा आहे, पण तो खेळातला नाही, इतिहासातला आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगलांची एक मोठी फौज कोंडली आणि शरण आणली. त्या फौजेचा सरदार होता कारतलबखान. कर्जत, खोपोली, लोणावळा इथल्या भटक्यांमध्ये, शाळेच्या प्रकल्पांत, शिवजयंतीच्या फलकांवर हा खान नेहमी भेटतो. तो कोण होता, हे सांगताना मात्र मोबाइलवर नाव शोधून जे पहिलं हाती लागतं तेच पुढे सरकवलं जातं.

गैरसमज : हा कारतलबखान म्हणजेच बंगालचा प्रसिद्ध मुर्शिद कुलीखान.

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. कारतलबखान असा किताब पुढे मुर्शिद कुलीखानालाही मिळाला होता, ही गोष्ट खरी आहे. त्याचं आधीचं नाव महंमद हादी. औरंगजेबानं १७०० च्या सुमारास त्याला बंगालचा दिवाण नेमलं, त्या काळात तो कारतलबखान म्हणून ओळखला जात होता. थोड्याच वर्षांत त्याला मुर्शिद कुलीखान हा नवा किताब मिळाला आणि त्यावरून त्याच्या गावाचं नाव मुर्शिदाबाद पडलं. १७१७ मध्ये तो बंगालचा सुभेदार झाला आणि १७२७ मध्ये वारला.

आता सालं जुळवून बघा. या माणसाचा जन्म १६६० च्या आसपास किंवा त्यानंतरचा. उंबरखिंडीत फौज अडकली तेव्हा तो फार तर पाळण्यात होता. हजारो माणसांची फौज घेऊन कुरवंडे घाट उतरणारा सरदार आणि हा दिवाण एक असूच शकत नाहीत. एक लढवय्या, दुसरा हिशेबनीस. एक १६६१ चा, दुसरा जवळपास चाळीस वर्षांनंतरचा. दोघांत सामाईक आहे तो केवळ किताब.

याच गुंत्यात आणखी एक माणूस शिरतो. औरंगजेब १६५० च्या दशकात दख्खनचा सुभेदार होता, तेव्हा त्याच्याकडे मुर्शिद कुलीखान नावाचा एक खुरासानी दिवाण होता. दख्खनच्या जमिनींची मोजणी करून सारा ठरवण्याची पद्धत त्यानं बसवली. महाराष्ट्राच्या महसुलाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते त्यामुळे. नाव दख्खनशी जोडलेलं, काळही उंबरखिंडीच्या जवळचा, त्यामुळे हाच तो खान असणार असं वाटू शकतं. पण हा मुर्शिद कुलीखान एप्रिल १६५८ मध्ये धर्मातच्या लढाईत मारला गेला. म्हणजे १६६१ च्या फेब्रुवारीत एक मुर्शिद कुलीखान मरून जवळजवळ तीन वर्षं झाली होती आणि दुसऱ्याची अजून कारकीर्दच सुरू व्हायची होती. उंबरखिंडीतला खान या दोघांपैकी कोणीच नव्हे.

हा घोळ होतो कसा, ते कळायला आपल्याच घरात पाहावं. प्रतापराव गुजर हे नाव प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं. पण प्रतापराव हा किताब, माणसाचं नाव कुडतोजी. हंबीरराव मोहिते यांचं मूळ नाव हंसाजी. मोगलांकडेही तीच रीत. लाल महालात बोटं गमावणाऱ्या शाहिस्तेखानाचं खरं नाव मिर्झा अबू तालिब, आणि दिलेरखानाचं जलालखान. बादशहा सरदाराला किताब देई, तो सरदार वारला किंवा त्याला वरचा किताब मिळाला की तोच किताब पुढे दुसऱ्या कुणाला मिळे. म्हणून मोगली कागदात एखादं नाव दिसलं की आधी साल बघायचं, मग सुभा आणि मगच माणूस ठरवायचा. हा क्रम उलटा केला की चाळीस वर्षांचं अंतर एका ओळीत पुसलं जातं.

गैरसमज : खानाचं नाव फारसी, म्हणजे तो परदेशातून आलेला असणार. उझबेक होता म्हणतात.

उझबेक, पठाण, इराणी अशी लेबलं या खानाला सर्रास लावली जातात. किताबावरून कुळ काढणं हा धोक्याचा मार्ग आहे, आणि त्याची दोन ठसठशीत उदाहरणं याच कथेत आहेत.

पहिलं उदाहरण बंगालच्या त्या मुर्शिद कुलीखानाचंच. तो जन्मानं दख्खनी ब्राह्मण होता. लहानपणी त्याला हाजी शफी नावाच्या इराणी अधिकाऱ्यानं विकत घेतलं आणि मुलासारखं वाढवलं. पुढे काही काळ त्यानं आपल्या वऱ्हाडात नोकरीही केली. नुसत्या नावावरून त्याला इराणी ठरवणारा माणूस किती चुकेल, ते पाहा.

दुसरं उदाहरण तर खालापूर तालुक्यातलंच आहे. चौक हे नेताजी पालकरांचं गाव मानलं जातं. स्वराज्याचे सरनोबत, महाराजांचा उजवा हात. १६६६ च्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या स्वारीत ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि त्यांचं पद गेलं. मग आदिलशाही, मग मिर्झाराजे जयसिंगाच्या बोलावण्यावरून मोगल. महाराज आग्र्याहून निसटल्यावर त्याच वर्षी नेताजींना कैद करून दिल्लीला नेण्यात आलं, १६६७ मध्ये धर्मांतर करवलं आणि महंमद कुलीखान या नावानं दूर अफगाणिस्तानाकडे धाडलं. १६७६ मध्ये ते दिलेरखानाच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले, तिथून महाराजांकडे परतले, आणि १९ जून १६७६ रोजी त्यांची शुद्धी झाली. मधल्या त्या वर्षांत कोणी नुसती मोगली यादी वाचली असती तर महंमद कुलीखान हा चौकचा मराठा आहे, हे त्याला कधी कळलं असतं का?

नेताजींना सरळ फितूर ठरवणारेही भेटतात. पद गेल्यावर ते शत्रूकडे गेले हे खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. पण नाव आणि धर्म त्यांच्यावर कैदेत लादले गेले होते. सुटायची संधी मिळताच ते परत आले, आणि महाराजांनी त्यांना परत घेतलं. ज्यांच्या बाजूनं हा निवाडा करायचा त्या महाराजांनीच तो करून ठेवलाय. साडेतीनशे वर्षांनी तो फिरवायचा अधिकार कोणाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

खानाकडे परत वळू. उंबरखिंडीच्या वर्णनात तो किताबानेच वावरतो. त्यावरून त्याच्या जन्माविषयी, वंशाविषयी काहीही काढता येत नाही. 'कारतलबखान, मोगल सरदार, शाहिस्तेखानाच्या हाताखालचा' एवढं म्हटलं की पुराव्याला धरून पुरेसं म्हटलं.

गैरसमज : रायबागन ही रजपूत राणी, आणि तेच तिचं नाव.

रायबागन हाही किताब. औरंगजेबानं दिलेला. बाई माहूरच्या देशमुखांच्या घरातली, उदारामाच्या घराण्यातली. माहूर आज नांदेड जिल्ह्यात येतं. सावित्रीबाई या नावानं तिला ओळखतात. खानाच्या फौजेत ती स्वतः सरदार म्हणून होती, कोणाच्या मागे आलेली नव्हती. खिंडीत दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा सुरू झाला, पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही, तेव्हा खानाला खडे बोल सुनावून शरण जायला सांगणारी हीच. या सगळ्या लढाईत सर्वांत स्पष्ट डोकं तिचं चाललेलं दिसतं. शत्रूच्या बाजूची म्हणून तिला खलनायिकेच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. तिनं दिलेल्या सल्ल्यामुळे हजारो माणसं जिवंत परत गेली.

फौजेतली बाकीची नावंही एकदा वाचून पाहावीत : सरजेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधवराव, अमरसिंह, मित्रसेन. समोर सगळे परके आणि इकडे सगळे आपले, असं चित्र फलकावर सोपं दिसतं. खिंडीत तसं नव्हतं.

गैरसमज : ही लढाई बोरघाटात झाली.

खान बोरघाटानं उतरला नाही. पुण्याहून लोहगडाच्या बाजूनं येऊन तो कुरवंड्याच्या वाटेनं, नागफणीच्या सुळक्याशेजारून कोकणात उतरला. कल्याण, भिवंडी, पनवेलचा मुलूख घ्यायचा, हा शाहिस्तेखानाचा हुकूम होता. ही वाट उतरते ती अंबा नदीच्या खोऱ्यात. खोपोली-पाली रस्त्यावरच्या शेमडीहून आत गेलं की चावणी, आणि तिथे नदीच्या पात्रात उंबरखिंडीचं स्मारक. पावसाळ्यात अंबा भरली की तिथे पाण्याचा जोर असतो, तेव्हा जायचंच तर आधी गावात विचारून जा. आज वरून द्रुतगती मार्ग धावतो, त्यामुळे 'खंडाळ्याच्या घाटातली लढाई' असं बोलून जाणं सोपं झालंय. पण वाट बदलली की लढाईचं सगळं शहाणपणच हातातून जातं. महाराजांनी बोरघाटासारखी रुळलेली वाट सोडून या अरुंद, झाडीनं भरलेल्या वाटेत खानाला येऊ दिलं, हाच तर डाव होता.

फौज तीस हजार होती की वीस, आणि समोर मावळे हजार की जास्त, यावर भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. अशा खिंडीत मोठा आकडा तोट्याचाच असतो. पुढच्याला थांबावं लागलं की मागचे हजारो नुसते कोंबले जातात, आणि प्रत्येकाला पाणी हवंच असतं.

गैरसमज : खान उंबरखिंडीत मारला गेला.

अफजलखान १० नोव्हेंबर १६५९ ला मारला गेला, शाहिस्तेखानाची बोटं ५ एप्रिल १६६३ ला गेली, आणि मधल्या या खानाचाही शेवट तसाच झाला असणार असं मुलं गृहीत धरतात. पोवाड्यांच्या सवयीनं खलनायक मेलाच पाहिजे ना! पण या खानानं वकील पाठवून अभय मागितलं, खंडणी दिली, हत्यारं आणि सामान मागे ठेवलं, आणि महाराजांनी त्याला वाट दिली. त्यानंतर नेताजींना मोगलांसमोर ठेवून महाराज स्वतः दाभोळकडे वळले. पुण्यात शाहिस्तेखान तळ ठोकून बसलेला असताना इथे रक्तपात वाढवून मावळे गमावण्यापेक्षा लूट आणि शस्त्रं पदरात पाडून पुढची मोहीम गाठणं जास्त फायद्याचं होतं. उंबरखिंड मला महाराजांच्या सगळ्या लढायांत मोलाची वाटते ती यासाठी.

हे सगळं तपशिलात आपल्यापर्यंत आलं ते प्रामुख्यानं कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातून. नेवाशाचा हा कवी महाराजांच्या समकालीन. त्याचं काव्य १६६१ च्या घटनांपाशीच अपुरं थांबतं. भारत इतिहास संशोधक मंडळानं स. म. दिवेकरांनी संपादलेली मराठी भाषांतरासह प्रत १९२७ मध्ये छापली. काव्य आहे, त्यामुळे त्यात अलंकार आहेत आणि नायकाची स्तुतीही आहे. पण माणसांची नावं, वाट आणि शरणागतीचा क्रम त्यात आहे. कोणाचा उंबरखिंडीवर वाद रंगला तर आधी ते पुस्तक उघडावं. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तर त्यातला उंबरखिंडीचा भाग वर्गात वाचून दाखवायला हरकत नाही.

दरवर्षी २ फेब्रुवारीला चावणीत विजयदिन साजरा होतो, कर्जत-खालापूरकडून मुलं जातात, फलक लागतात. हे फलक करणाऱ्या मंडळांना माझी एकच विनंती आहे. कारतलबखानाच्या नावाखाली मुर्शिद कुलीखानाचं चित्र लावू नका, बंगालचा दिवाण म्हणून त्याची ओळख लिहू नका, आणि रायबागनच्या नावापुढे माहूर हे गाव लिहायला विसरू नका.