लहान ऑनलाइन विक्रेत्यांनी शुल्काचा भार कसा हलका करावा?

हातमागाचे कापड, घरगुती मसाले, पितळी भांडी किंवा हस्तकलेच्या वस्तू यांची इंटरनेटद्वारे विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांची एक तक्रार सर्वत्र सारखीच असते. मागणी वाढते, परंतु बँक खात्यात जमा होणारी रक्कम त्या प्रमाणात वाढत नाही. याचे कारण बहुधा विक्रीत नसून, प्रत्येक मागणीमागे कापल्या जाणाऱ्या लहान लहान शुल्कांत आणि परत येणाऱ्या मालात दडलेले असते. कमिशनचा दर सर्वांच्या लक्षात असतो. उर्वरित कपातींकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

४९९ रुपयांचे काय होते?

उदाहरणादाखल, इंदूर येथील एक महिला उशीच्या सुती अभ्र्यांचा संच ४९९ रुपयांना विकते असे समजू. तिची उलाढाल कमी असून तिने वस्तू व सेवा कराची, अर्थात जीएसटीची, नोंदणी केलेली नाही. विक्रीमंच १२ टक्के कमिशन, २५ रुपये ठरावीक शुल्क आणि ६५ रुपये वाहतूक आकारतो असे गृहीत धरल्यास एकूण आकार १५० रुपये होतो. त्यावर १८ टक्के दराने २७ रुपये जीएसटी लागतो. हातात ३२२ रुपये उरतात. कापड, शिलाई आणि वेष्टन यांचा खर्च २२२ रुपये असल्यास निव्वळ नफा १०० रुपये. प्रत्यक्ष दर विक्रीमंच, वस्तूचा वर्ग आणि अंतर यांनुसार बदलतात. म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी विक्रीमंचाच्याच शुल्क-गणकात आकडे भरून पाहणे आवश्यक ठरते.

आता दोन संच एकत्र करून ९४९ रुपयांना विकल्यास काय होईल? कमिशन ११४ रुपये होते. ठरावीक शुल्क मात्र एकदाच द्यावे लागते आणि वजन दुप्पट झाले तरी वाहतूक दुप्पट होत नाही. ती ९० रुपये धरल्यास करासह कपात सुमारे २७० रुपये होते. एकत्रित वेष्टनासह मालाचा खर्च ४३५ रुपये धरला, तर २४४ रुपये शिल्लक राहतात. ग्राहकाचे ४९ रुपये वाचतात आणि विक्रेतीलाही ४४ रुपये अधिक मिळतात. स्वस्त वस्तू सुट्या विकण्याऐवजी त्यांचे संच करावेत, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

वजन काट्यावरचे आणि कागदावरचे

वाहतूक शुल्क केवळ प्रत्यक्ष वजनावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला सामान्यतः ५००० ने भागले जाते आणि येणारे आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असल्यास तेच ग्राह्य धरले जाते. वरील अभ्रे ३० × २५ × १२ सेंटिमीटरच्या खोक्यात घातले, तर ४५० ग्रॅमचा माल कागदोपत्री १.८ किलोचा होतो. तेच अभ्रे सपाट घडी करून ३ सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात पाठविल्यास आकारमानी वजन ४५० ग्रॅमच भरते. अर्धा किलोच्या टप्प्यात राहणे आणि दोन किलोच्या टप्प्यात जाणे यांत नफ्याचा बराच मोठा भाग जाऊ शकतो. पाठविण्यापूर्वी काट्यावरील वजनाचे आणि मापाचे छायाचित्र काढून ठेवल्यास, चुकीची आकारणी झाल्यावर मुदतीत दाद मागता येते.

परत येणारा माल

सर्वाधिक नुकसान येथे होते आणि आश्चर्य म्हणजे हिशेबाच्या वहीत त्यासाठी बहुधा रकानाच नसतो. परत आलेल्या मालावर कमिशन माफ झाले, तरी जाण्या-येण्याची वाहतूक विक्रेत्यावर पडल्यास वरील उदाहरणात करासह सुमारे १५३ रुपये आणि वाया गेलेल्या वेष्टनाचे १२ रुपये, असा १६५ रुपयांचा तोटा होतो. दहापैकी दोन संच परत आले, तर आठ संचांवर मिळालेल्या ८०० रुपयांतून ३३० रुपये वजा जातात. उरतात केवळ ४७० रुपये. म्हणजे दहाही संच विकले गेले असते तर मिळणाऱ्या नफ्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. माल डागाळून परत आला, तर तोटा आणखी वाढतो.

त्यामुळे जाहिरातीवर पैसे खर्च करण्याआधी माल परत का येतो, याचा शोध घेणे अधिक फायद्याचे. कारणांची यादी विक्रेत्याच्या खात्यात उपलब्ध असते. ‘रंग वेगळा निघाला’ असे कारण वारंवार दिसत असेल, तर छायाचित्र दिवसाच्या उजेडात पुन्हा काढावे. ‘आकार लहान’ असे असेल, तर माप इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये दोन्ही द्यावे. कपड्यांच्या बाबतीत ‘एस’ किंवा ‘एम’ लिहून भागत नाही. छाती आणि लांबीचे प्रत्यक्ष माप द्यावे लागते. पैसे घरपोच देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने दारातूनच माल परत पाठविण्याचे प्रमाण अधिक असते. जेथे परवानगी असेल तेथे आगाऊ पैसे भरणाऱ्यास थोडी सवलत देणे म्हणूनच परवडते. परत आलेले पाकीट उघडताना चित्रफीत घ्यावी. वस्तू बदलून आल्याचा दावा तिच्याशिवाय टिकणे कठीण असते.

सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास मात्र नकार देता येत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ही जबाबदारी विक्रेत्यावर आहे. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेण्याचा मार्गही धोक्याचा. त्यामुळे खाते बंद होऊ शकते.

नोंदणी करावी की न करावी?

पूर्वी विक्रीमंचावर वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला उलाढाल कितीही असली, तरी जीएसटी नोंदणी अनिवार्य होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट शिथिल झाली. उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन विक्री करता येते. ही मर्यादा बहुतेक राज्यांत ४० लाख रुपये, तर तेलंगणासारख्या काही राज्यांत २० लाख रुपये आहे. परंतु ही सवलत एकाच राज्यातील विक्रीपुरती आहे. कोल्हापूरच्या अशा विक्रेत्याला पुण्यात माल पाठविता येईल, जवळच्या बेळगावात नाही. पेडण्याच्या विक्रेत्याला शेजारच्या सावंतवाडीत नाही. सीमाभागातील आणि गोव्यासारख्या लहान राज्यातील व्यावसायिकांसाठी ही अडचण मोठी आहे.

नोंदणी म्हणजे निव्वळ भार, असा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. उशीच्या अभ्र्यांवर ५ टक्के कर आहे. ४९९ रुपयांत तो सुमारे २४ रुपये होतो. शुल्कावर भरलेले २७ रुपये नोंदणीकृत विक्रेत्याला करातून वळते करून घेता येतात, नोंदणी नसलेल्याला नाही. म्हणजे येथे नोंदणीमुळे नफा घटत नाही आणि बाजारपेठ संपूर्ण देशाची होते. विवरणपत्रे भरण्याचा व सल्लागाराचा खर्च मात्र त्यातून निघायला हवा. महिन्याला दहा-वीस संचच विकले जात असतील, तर तो निघणे कठीण. आपसमेळ योजना, म्हणजे कंपोझिशन, स्वीकारणाऱ्यांना ही वजावट मिळत नाही आणि परराज्यात मालही पाठविता येत नाही.

विक्रीमंच नोंदणीकृत विक्रेत्याच्या देयकातून जीएसटीपोटी जी रक्कम गोळा करतो, तिचा दर १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. प्राप्तिकराची कपातही १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का झाली. हा खर्च नव्हे. दोन्ही रकमा विक्रेत्याच्या नावे जमा असतात. विवरणपत्र भरताना त्या मागितल्याच नाहीत, तर मात्र तो खर्चच ठरतो. वैयक्तिक विक्रेत्याने पॅन किंवा आधार दिलेले असेल आणि वर्षाची विक्री पाच लाख रुपयांपेक्षा अधिक नसेल, तर प्राप्तिकराची ही कपात होत नाही.

इतर मार्ग

एकाच विक्रीमंचावर विसंबून राहण्याची आता गरज नाही. मीशोने २०२१ मध्ये कमिशन न घेण्याचे धोरण स्वीकारले. ॲमेझॉनने २०२५ मध्ये ३०० रुपयांखालील अनेक वस्तूंवरील कमिशन रद्द केले. अशा घोषणा वाचताना वाहतूक, परतीचे शुल्क आणि जाहिरातीचा आग्रह तपासावा. शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे. केंद्र शासनाच्या उद्योग प्रोत्साहन विभागाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यावर विक्रेता एका ॲपमार्फत नोंदतो आणि त्याचा माल इतर ॲपवरील ग्राहकांनाही दिसतो.

जुन्या ग्राहकांना थेट विक्री करणे सर्वांत स्वस्त. बँक खात्यातून यूपीआयद्वारे दिल्या जाणाऱ्या रकमेवर २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर शुल्क नाही आणि पार्सलसाठी टपाल खात्याची स्पीड पोस्ट सेवा गावोगावी उपलब्ध आहे. मात्र विक्रीमंचावरून मिळालेल्या ग्राहकाच्या पाकिटात स्वतःचा क्रमांक टाकून त्याला बाहेर वळविणे बहुतेक करारांत निषिद्ध असते. प्रदर्शने, स्थानिक महिला मंडळे आणि ओळखीतून आलेल्या ग्राहकांपासून ही यादी तयार करावी. दिवाळीच्या मागण्यांसाठी ती गणेशोत्सवापूर्वीच हाताशी असलेली बरी.