ठोकलेल्या गाडीचा भाव

अपघातानंतर दुरुस्त झालेली मोटार विकायला काढली की तिचा भाव दोन कारणांनी उतरतो. पहिले कारण पत्र्यातले. सांगाडा वाकला असेल, जोड पुन्हा मारलेले असतील, कंपनीचा रंग गेला असेल, तर गाडी खरोखरच कमी प्रतीची झालेली असते. दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या मनातले. दुरुस्ती किती खोलवर गेली होती हे त्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून तो वाईटात वाईट धरून चालतो आणि तेवढी रक्कम आधीच कापून घेतो. भारतातल्या जुन्या गाड्यांच्या बाजाराची गेली चार-पाच दशके पाहिली तर पहिल्या कारणाचे मोजमाप हळूहळू शक्य झाले, दुसरे मात्र अजूनही बरेचसे अंदाजावरच चालते.

परवाना राजवटीच्या काळात ठोकरीचा हिशेब फारसा मांडलाच जात नसे. रस्त्यावर मुख्यतः अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाताशी असलेली, कागद साफ असलेली चालू गाडी हीच मोठी चीज होती. घासाघीस व्हायची ती इंजिनावरून: बोअर कधी केले, ऑइल किती पिते, धूर कुठल्या रंगाचा येतो. पत्रा जाड होता. डेंटर हातोडी आणि डॉली घेऊन तो ठोकून सरळ करी, फाटला असेल तर गॅसने जोडी. अगदीच कामातून गेलेल्या भागासाठी भंगार बाजार होताच. रंगही हवेत वाळणारा, उघड्यावर मारता येणारा असे, आणि काही वर्षांनी अख्खी गाडी नव्याने रंगवून घेणे ही देखभालीची रीत होती. आज ‘पूर्ण रंगवलेली’ म्हटले की गिऱ्हाईक बिचकते. त्या काळी तेच ऐकून ते खूश होई.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे गणित बदलू लागले. अँबॅसेडरचे वजन अकराशे किलोंच्या वर, तर ही गाडी साडेसहाशेच्या आसपास. पातळ पत्रा एकदा ताणला गेला की ठोकून पूर्ववत होत नाही, त्याला लाटा राहतात आणि त्या लपवायला पुटी लागते. दुसऱ्या बाजूने सुटे भाग सहज मिळू लागले. पिचलेला फेंडर सरळ करण्यापेक्षा नवा बसवणे सोपे झाले. किमतीतल्या घसरणीचा आजचा मूळ भेद इथून स्पष्ट होत गेला: बोल्टने बसणारे भाग आणि वेल्डिंगने जोडलेले भाग. बॉनेट, पुढचे फेंडर, दारे, डिकीचे झाकण हे बोल्टवर असतात. ते बदलले तरी गाडीच्या ताकदीत फरक पडत नाही. छत, खांब, मागचे क्वार्टर पॅनेल, इंजिनच्या दोन्ही बाजूंचे एप्रन आणि पुढचे लांब दांडे हे मात्र एकसंध शरीराचे अवयव आहेत. मोनोकॉक गाडीला वेगळी चेसिस नसते, हे शरीर हीच तिची चेसिस. कारखान्यात ते ठिपक्याठिपक्यांच्या स्पॉट वेल्डने जुळवलेले असते. गॅरेजमध्ये कापून पुन्हा जोडले की मापात थोडा फरक राहू शकतो, मग गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात, दार बंद करताना दोनदा आपटावे लागते. पुढे जास्त ताकदीच्या पोलादाचा वापर वाढल्यावर आणखी अडचण आली, कारण ते तापवून सरळ केले की त्याची ताकदच जाते.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला. १९९८ च्या आसपास सँट्रो, मॅटीझ आणि पुण्याच्या कारखान्यातली इंडिका आली. गिऱ्हाइकाला पर्याय मिळाले, आणि पर्याय मिळताच ठोकलेली गाडी नाकारण्याची सोयही मिळाली. मॉडेल तेच, वर्ष तेच, किलोमीटर जवळपास तेवढेच, अशा चार गाड्या समोर असतील तर रंगवलेल्या दारावर बोट ठेवून भाव पाडता येतो. ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ हा शब्द छोट्या जाहिरातींत रूढ झाला. तो कोणी तपासून लिहीत नसे हा भाग वेगळा.

दलालांची तपासणीची पद्धतही याच काळात पक्की झाली. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडाला आहे का, दाराच्या कडेचे सीलंट कंपनीच्या यंत्रासारखे एकसारखे आहे की हाताने लिंपलेले, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, काचांवरची वर्षे गाडीच्या वर्षाशी जुळतात का. फडक्यात गुंडाळलेले चुंबक पुटी भरलेल्या जागी धरत नाही, ही जुनी युक्ती. रंगाची जाडी मोजणारे मीटर आल्यावर तिची गरज कमी झाली. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला भाग २०० च्या पुढे जातो आणि पुटी असेल तर आकडा पाचशे, कधी हजारही ओलांडतो. या मीटरने एक अन्यायही केला. पार्किंगमधल्या ओरखड्यासाठी रंगवलेले दार आणि आडव्या धडकेत चेपून भरलेले दार दोन्ही ‘रंगवलेले’ ठरले, आणि आकडा नीट वाचता न येणाऱ्याने दोन्हींचा भाव सारखाच पाडला.

जपानच्या लिलावांत हा गोंधळ वर्गवारीतच मिटवलेला आहे. तिथे दुरुस्तीचा इतिहास असलेली गाडी म्हणजे सांगाड्याचा भाग बदललेली किंवा सरळ केलेली गाडी. बंपर, फेंडर किंवा दार बदलले एवढ्याने तो शिक्का बसत नाही. भारतात अशी सर्वमान्य व्याख्या रुजली नाही, म्हणून ‘ॲक्सिडेंटल’ या एकाच शब्दात किरकोळ पोचापासून उलटलेल्या गाडीपर्यंत सगळे मावते.

भावावर सर्वांत खोल परिणाम केला तो विम्याच्या नियमांनी, आणि गिऱ्हाइकाचे लक्ष सहसा तिकडेच नसते. जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार विमा दरपत्रकाने गाडीच्या घोषित मूल्याची, म्हणजे आयडीव्हीची, घसाऱ्याची पायरी ठरवून दिली: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. आठ लाखांची गाडी धरली तर चौथ्या वर्षात तिचे मूल्य ४ लाख ८० हजार, आणि मर्यादा ३ लाख ६० हजार. तीच गाडी पाच महिन्यांची असताना मूल्य ७ लाख ६० हजार, मर्यादा ५ लाख ७० हजार. म्हणजे जी धडक जुन्या गाडीला भंगारात पाठवते, तीच सोसून नवी गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर परत येते. ‘फक्त दोन वर्षांची, जवळपास नवी’ या वर्णनाने गिऱ्हाईक निर्धास्त होते. वस्तुतः मोठी दुरुस्ती पोटात घेऊन फिरण्याची मुभा अशाच गाडीला जास्त असते.

त्याच दरपत्रकाच्या पॉलिसीत घसारा आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले आहे. विमा कंपनी पत्र्याचे पैसे देते, उतरलेल्या भावाचे नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दुरुस्तीनंतर राहिलेल्या मूल्यघटीचा विचार करणे विमा कंपनीवर बंधनकारक ठरवले. भारतात ही घट मालकच सोसतो, आणि सोसायची नसेल तर ती लपवतो.

दाव्यांच्या नोंदीही सरळ वाचता येत नाहीत. दावा न केल्याचा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो, म्हणून लहानच नव्हे तर मध्यम दुरुस्तीही अनेक मालक खिशातून करतात. अशा गाडीची नोंद कोरी. जानेवारी २००७ मध्ये दर मोकळे झाले आणि पुढच्या काही वर्षांत ‘झिरो डेप’ची जोड आली. मूळ पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जाई, तो या जोडीमुळे वाचू लागला. मग लोक बंपर घासला तरी नवा बसवू लागले. दुरुस्तीचा दर्जा सुधारला, पण नोंदीत दाव्यांची रांग लागली. पाच दाव्यांची गाडी धडधाकट आणि एकही दावा नसलेली गाडी आतून जोडलेली, असे उलटे चित्र त्यामुळे शक्य होते. एकूण दावे किती, यापेक्षा एका दाव्याचे बिल किती आणि त्यात कोणते भाग आहेत, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ठोकरीच्या खुणा शोधायला तयार झालेली नजर इथे कामाची नव्हती. बुडालेल्या गाडीचा पत्रा सरळ, रंग मूळचा, फटी सारख्या. दोष असतो वायरिंगच्या हिरवट पडलेल्या जोडांत, सीटच्या रुळांवरच्या गंजात, स्टेपनीच्या खळग्यातल्या गाळात, पूर्ण ओढून काढलेल्या सीटबेल्टवरच्या मातकट रेघेत. पाण्यात असताना इंजिन सुरू केले तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि हे नुकसान परिणामी म्हणून नाकारले जाई. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड पुढे रूढ झाली ती यामुळे. चेन्नईत २०१५ साली आणि केरळात २०१८ साली हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पुराच्या गाडीचा तोटा हळूहळू बाहेर पडतो, म्हणून जाणता व्यापारी ती ठोकलेल्या गाडीहूनही स्वस्त मागतो.

टोटल लॉस ठरलेल्या गाडीचे पुढे काय होते, हा बाजाराचा सर्वांत अंधारा कोपरा. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने १४ दिवसांत द्यायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. प्रत्यक्षात सांगाडा लिलावात जातो आणि पुष्कळदा आरसी बुकही त्याच्यासोबत. मग कोणी ती गाडी जोडून उभी करतो, किंवा त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तिचा चेसिस क्रमांक ठोकतो. अशी गाडी घेणाऱ्याचा प्रश्न भावाचा राहत नाही, ती जप्त होऊ शकते.

कंपनीच्या छत्राखाली जुन्या गाड्या विकण्याची सुरुवात मारुतीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यूने केली, आणि २०१५ नंतर ऑनलाइन विक्रेते वाढले. दोघांनीही तपासणीचा अहवाल ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पाडली. त्याचा परिणाम भावाच्या दोन टोकांना दिसतो. बोल्टवरचे भाग बदललेली, बिले जपलेली गाडी आता थोड्याच कपातीत खपते. सांगाड्याला मार लागलेली गाडी मात्र संघटित विक्रेत्यांच्या दारातून सहसा परत फिरते आणि खुल्या बाजारात आणखी पडत्या भावाने जाते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला. तो मालकी आणि ताब्याची जबाबदारी ठरवतो. आरसीवर मालक आणि कर्जाचा बोजा दिसतो, अपघाताचा रकाना नाही. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांकडे साठत असली तरी सामान्य गिऱ्हाइकाला ती सहज उघडत नाही. जवळचा मार्ग म्हणजे मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढणे.

अलीकडच्या गाड्यांत पत्रा हा दुरुस्तीचा स्वस्त भाग ठरू लागला आहे. २०१९ पासून चालकासाठी आणि नंतर शेजारच्या आसनासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती फुटली की एअरबॅगसोबत नियंत्रक, सीटबेल्टचे ताणयंत्र आणि पुष्कळदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. पैसे वाचवण्यासाठी आत रेझिस्टर बसवून इशाऱ्याचा दिवा विझवणारे कारागीर आहेत. म्हणून चावी फिरवल्यावर तो दिवा आधी लागतो का आणि मग विझतो का, हे पाहायचे असते. पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, आणि ते केल्याचा कागद नसेल तर भाव उतरवायला कारण मिळते. विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असते. दगडावर घासून तिचे आवरण पिचले तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि बॅटरी हाच गाडीचा सर्वांत महागडा भाग असल्याने एका घासण्याने दुरुस्तीचा अंदाज ७५ टक्क्यांच्या रेषेपर्यंत पोचू शकतो. अशी गाडी घेताना ती लिफ्टवर चढवून आवरण पाहणे आणि बॅटरीच्या स्थितीचा अहवाल मागणे हे रंगाच्या मीटरपेक्षा जास्त मोलाचे ठरते.