लाल गोल

आजीचा आवाज थांबला, मागे गेला, पुन्हा आला. हेडफोन लावून नात तेच वाक्य पाचव्यांदा ऐकत होती. चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजलेल्या मक्याचा वास खोलीत भरला होता. तो वास अजून माझ्या ओढणीला आहे.

हे गाव मेक्सिकोतलं सान इसिद्रो बुएनसुसेसो, ला मालिंचे ज्वालामुखीच्या उतारावरचं. ज्या नावात्ल भाषेतून आपला 'टोमॅटो' आला, ती देशात सुमारे साडेसोळा लाख लोक बोलतात. इथले लोक तिला मेशिकानो म्हणतात. तिच्या व्याकरणात स्पॅनिश कशी मुरली आहे, ते ऐकायला मी आले होते.

"एका मिनिटाला एक तास," नात म्हणाली. मिनिटभराचं बोलणं लिहून काढायला तासभर लागतो.

तिच्या हातात लाल पेन्सिल, स्पॅनिश शब्द हेरायला. पेरो म्हणजे पण, पोर्के म्हणजे कारण, आस्ता म्हणजे पर्यंत. प्रत्येकाभोवती लाल गोल. पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

मग आलं 'निकपेन्सारोआ': मी त्याचा विचार करते. पेन्सिल अडली. 'पेन्सार' स्पॅनिश, पण सुरुवातीचा 'नि' म्हणजे मी, 'क' म्हणजे ते, आणि शेवटचा 'ओआ' नावात्लचा क्रियापद घडवणारा प्रत्यय. गोल कुठून कुठपर्यंत काढायचा?

इतिहासकार जेम्स लॉकहार्ट यांनी नावात्ल कारकुनांची जुनी दप्तरं तपासली. स्पॅनिश नामं त्यांत लवकर आली. क्रियापदं आणि पेरो, आस्तासारखे जोडणारे शब्द मात्र साधारण १६४० नंतर रुळले. म्हणजे आजीची ही भाषा पावणेचारशे वर्षांची वहिवाट आहे. तरीही 'अस्सल' मेशिकानो येत नाही म्हणून माणसं शरमतात. जेन आणि केनेथ हिल यांनी याच डोंगराभोवतीच्या गावांतली ही कुचंबणा १९८६ च्या पुस्तकात नोंदवली आहे. मला ती शरम अन्यायाची वाटते. 'शिवाय', 'बद्दल', 'बाबत', 'खेरीज' हे आपले मराठी शब्दही अरबी-फारसीतून आले. ते गाळून कुणी मराठीत चार दिवस बोलून दाखवावं. 'बदलणे' तर या निकपेन्सारोआचा सख्खा भाऊच.

आजी भाकरी घेऊन आत आली. नातीनं हेडफोन काढून विचारलं, "याला आपला शब्द कोणता?"

आजीनं पानाकडे पाहिलं. तिला वाचता येत नसल्यानं नातीनं शब्द उच्चारून दाखवला.

"हाच की," आजी म्हणाली.

अर्धा काढलेला गोल तसाच राहिला.