प्रशिक्षणाआधीची पंधरा मिनिटं



कपाशीची वेचणी आटोपली की आपल्या संघाचं हिशोब लेखनाचं प्रशिक्षण पुन्हा सुरू होणार आहे. या वेळी त्याच्या आधी मी किंवा तुमच्या गावची सीआरपी ताई तुमच्या घरी येऊन पंधरा-वीस मिनिटं बसणार आहोत. थोडं वाचायला देऊ, थोडं लिहायला सांगू, दोन-तीन हिशोब विचारू. ही गोष्ट बैठकीत सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "मॅडम, परीक्षा आहे का? नापास झालं तर गटातून काढता का?"

नाही. यात नापास कोणी होत नाही, आणि कोणाचं गटातलं नाव, कर्ज किंवा प्रशिक्षणातली जागा यावरून ठरत नाही. मग हे कशाला, ते सांगायला मागच्या वर्षाकडे जावं लागेल. त्यात चूक माझी होती.

मागच्या वर्षी चार दिवसांचं हिशोब लेखनाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. सव्वीस जणी आल्या. मी फॉर्म भरून घेतले आणि "शिक्षण" या रकान्यावर नजर टाकली. पाचवी, आठवी, आठवी, दहावी, सातवी. मनात म्हटलं, बरं आहे, सगळ्यांना लिहिता-वाचता येतं. फळ्यावर लिहिलं: आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी एकोणीस आल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. मला वाटलं, लग्नसराई आहे, कामाचे दिवस आहेत.

पुढच्या आठवड्यात त्यातली एक ताई एसटी स्टँडवर भेटली. का नाही आल्या विचारलं, तर आधी हसली, मग म्हणाली, "माले वाचता येस, पन तुम्ही बोलतस ते ध्यानमा येत नही." दुसरी एक जण चार दिवस नियमित आली होती, पण वही कोरी. तिला अक्षर येत होतं. फक्त जवळचं दिसत नव्हतं. "चष्मा घर ऱ्हाई गया," असं ती चारही दिवस म्हणत होती, आणि चष्मा मुळात कधी घेतलेलाच नव्हता. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, आणि मी पंचविशीची, मला कसं सुचणार! पण विचारायला तर हवं होतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही "लाभार्थीच्या गरजेपासून सुरुवात" हे वाक्य किती वेळा पेपरात लिहिलं असेल. प्रत्यक्षात मी सुरुवात फॉर्मपासून केली.

फॉर्मवरच्या "आठवी"चा अर्थ घरोघर वेगळा असतो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, त्यानंतर काही वर्षं आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते. म्हणून तरुण सुनेची "आठवी पास" म्हणजे ती आठ वर्षं शाळेच्या पटावर होती, एवढं नक्की. वाचता किती येतं ते त्यावरून कळत नाही. याच्या उलट जुन्या चौथीची एखादी सासू पोथी सरळ वाचते, पण लग्नानंतर वीस वर्षांत हातात पेन धरलेलं नाही, म्हणून लिहिताना बोटं अडतात. आणि जी कधी शाळेत गेलीच नाही, ती अमळनेरच्या बाजारात भाजी विकून संध्याकाळी पैशाचा मेळ चोख घालते. या तिघींना एका बाकावर बसवून एकच फळा दाखवला, तर तिघींचंही नुकसान होतं.

म्हणून आम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या बघणार आहोत: बोलणं-समजणं, वाचणं-लिहिणं आणि आकडेमोड. एकीत कच्ची असलेली दुसरीत पक्की असू शकते, हे मागच्या वर्षी मी विसरले होते.

बोलण्यापासून सुरू करू, कारण आपल्या खान्देशात ती पहिली अडचण असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. आपण घरात अहिराणी बोलतो. यावल-रावेरकडे लेवा बोली, शिरपूर आणि चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी, साक्रीच्या पश्चिमेकडे भिली आणि कोकणी, चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर गोरमाटी. आणि प्रशिक्षणाची पुस्तिका पुस्तकी मराठीत. ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी देशातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खान्देशी बोली त्याने मराठीच्या खंडात घातलीच नाही, भिल्ली भाषांच्या खंडात घातली. ते बरोबर की चूक, यावर जाणकार भांडत बसोत. आपल्यापुरतं एवढं खरं की "आरंभीची शिल्लक" हा शब्द कित्येक ताईंना परका आहे. पण "गेल्या मीटिंगला पेटीत किती उरले होते?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं. म्हणजे हिशोब समजतो, अडतं ते शब्दावर.

भाषा येणं आणि अक्षर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला आपल्या जिल्ह्याइतका मोठा पुरावा दुसरीकडे सापडायचा नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी लिहून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आमच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे "निरक्षर" एवढंच लिहिलं गेलं असतं.

आता आकडेमोड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गटाचा पैसा इथे अडकतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. कारण दिलं की अर्ज करणाऱ्या बऱ्याच बायांना लिहिता-वाचता येत नाही. बाया गप्प बसल्या नाहीत. त्या शिकायला लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. तिथे त्यांनी सांगितलं की कोणत्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतनाताई ही गोष्ट जाहीर भाषणांतून सांगत असतात, इंटरनेटवर ऐकायला मिळते.

आपल्या गटांतही हेच दिसतं. पाच हजारांचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना, दर महिन्याला पाचशे मुद्दल फेडायची. पहिल्या महिन्यात किती भरायचे? सहाशे. दुसऱ्या महिन्यात? पाचशे नव्वद. दहा महिन्यांत एकूण याज किती? पाचशे पन्नास. हे एका ताईने मला बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं, मी मोबाईल काढेपर्यंत. पण तिलाच "एक हजार पन्नास" लिहायला सांगितलं, तर तिने १०००५० लिहिलं. ऐकलं तसं लिहिलं, आधी हजार, मग पन्नास. आता हीच रक्कम रोकड वहीत अशी पडली तर एक हजार पन्नासचे एक लाख पन्नास होतात. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित हिशोब लेखन आहे, आणि बँक कर्ज देताना गटाच्या वह्या बघते. तोंडी हिशोब शंभर टक्के बरोबर असला तरी वही चुकली की प्रकरण मागे येतं.

मराठी आकडे मुळात अवघडच आहेत. "त्रेपन्न" म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. म्हणून लिहिताना ३५ पडतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "पन्नास तीन" अशी वाचायची पद्धत आणली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मुलांना ते सोपं जातं. शाळेचं काय व्हायचं ते होवो, मी मात्र प्रशिक्षणात दोन्ही तऱ्हेने म्हणून दाखवणार आहे. त्यात बँकेचा कागद इंग्रजी आकड्यांत. आपला १ तिथल्या नऊसारखा दिसतो आणि आपला ४ आठसारखा. पासबुक वाचताना गोंधळ झाला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाचन कसं बघायचं, याची एक चांगली रीत आपल्याकडे तयार आहे. प्रथम या संस्थेने २००५ पासून "असर" नावाची पाहणी सुरू केली. त्यात कार्यकर्ते घरी जातात आणि मुलांना एकेकटं वाचायला देतात. सुरुवात छोट्या उताऱ्यापासून. जमला तर मोठी गोष्ट देतात, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. जी पायरी सहज जमते, ती त्या मुलाची पायरी. शाळेत कितवीत आहे हे बघून पायरी ठरवत नाहीत. आम्ही हीच रीत घेतली आहे, फक्त उतारा आपल्या कामाचा: गटाच्या इतिवृत्तातला एखादा ठराव. जमला तर कर्जाच्या अर्जातला परिच्छेद. नाही जमला तर "बचत", "दंड", "हप्ता" असे सुटे शब्द.

तुमच्यापैकी काही जणींनी "उल्लास" नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा दिली असेल. १७ मार्च २०२४ ला राज्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत ती झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. तिथेही तिन्ही भाग वेगळेच मोजतात. ती शिकून झाल्यावरची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र मिळतं. आपलं शिकण्याआधीचं आहे आणि प्रमाणपत्र वगैरे काही नाही. ज्यांच्याकडे उल्लासचं प्रमाणपत्र आहे त्यांनी ते दाखवावं, पण तरी आम्ही पंधरा मिनिटं बसूच.

आता घरी कसं होईल ते सांगते. येण्याआधी फोन करू, स्वयंपाकाच्या वेळेला येणार नाही. एका वेळी एकच ताई. हे मुद्दाम. आपल्या कितीतरी गटांत सासू आणि सून दोघी सभासद आहेत. सासूसमोर सून अडखळत वाचेल का? आणि सुनेसमोर सासू "मला येत नाही" म्हणेल का? म्हणून एकीशी ओट्यावर बोलू, तोवर दुसरीने चहा ठेवला तरी चालेल. मालक मध्येच येऊन "हिला काही येत नाही, मला विचारा" म्हणाले, तर त्यांना मी बाहेर बसवीन. हे एका गावात झालेलं आहे.

सुरुवातीला फक्त गप्पा: प्रशिक्षण कशासाठी हवं, वही सध्या कोण लिहितं, काय अडतं. तुम्ही अहिराणीत बोला. मला येते, आणि पावरी-गोरमाटीच्या गावांना त्या बोलीची सीआरपी ताईच येईल. मग वाचन, मग स्वतःचं नाव, गाव आणि दोन रकमा लिहिणं, मग तोंडी हिशोब. नको वाटलं तर मध्येच थांबा म्हणा, थांबू. कागदावर गुण नसतील, "हे जमतं, इथे मदत लागेल" एवढंच असेल. तो कागद तुम्हाला वाचून दाखवू. तो माझ्याकडे राहील. बैठकीत वाचणार नाही, व्हॉट्सॲपवर टाकणार नाही.

मग पुढे काय? ज्यांना वाचन-लेखन जमतं त्या थेट रोकड वही आणि खतावणीवर जातील. ज्यांना तोंडी हिशोब पक्का पण लिहिणं अडतं, त्यांच्यासाठी आधी दोन दिवस फक्त आकडे आणि गटाच्या वहीतले वीस-पंचवीस शब्द, आपल्या बोलीत समजावून. ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांना गावातल्या उल्लासच्या स्वयंसेवकाशी जोडून देऊ. त्यांनी हिशोबाच्या प्रशिक्षणालाही यावं. काही गटांत आधीपासून एक चांगली गोष्ट चालते, एक बाई बोलते आणि दुसरी लिहिते. जिचा हिशोब चोख ती रक्कम सांगते, जिचं अक्षर बरं ती वहीत उतरवते. प्रशिक्षणातही अशाच जोड्या बसवणार आहे.

एक मात्र कबूल करते. काही कामांना शिक्षणाची अट वरून ठरलेली असते, कुठे दहावी, कुठे बारावी. आमच्या कागदाने ती अट सुटत नाही. तोंडी हिशोबात सगळ्यांच्या पुढे असलेल्या एका ताईला या अटीमुळे मानधनाचं काम मिळालं नाही. तिने वही लिहायला घेतली आहे, आणि आता दहावीला बाहेरून बसायचं म्हणते. तिची माहिती काढून देण्याचं काम माझ्याकडे आहे.

तुमच्या गावाची तारीख पुढच्या मासिक बैठकीत सांगू. त्या दिवशी गटाची वही आणि तुमचं पासबुक हाताशी ठेवा. आणि जवळचं अंधुक दिसत असेल, तर आधीच सांगा. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला गाडी भरून जाता येईल एवढी नावं झाली, की मी दिवस ठरवते.