डोळे उघडलेलं फळ

गणपती गेले की दिवे घाट चढणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांमध्ये सीताफळांसाठी निघालेल्यांची भर पडते. पाऊस हात आखडता घेतो, ऑक्टोबरचं ऊन अजून चटके देत नसतं. सकाळी मल्हारगड, दुपारी कुठेतरी पिठलं-भाकरी आणि परतताना सासवडहून पाटीभर सीताफळं, असा साधारण बेत. बेत झकासच. फक्त पाटीपुढे उभं राहिल्यावर आपण शहरी माणसं जे करतो ते बघवत नाही. प्रत्येक फळ अंगठ्याने दाबून बघायचं. गेल्या वर्षी एका विक्रेत्या मावशींनी माझा हातच धरला. "दाबू नगा, डोळं बघा."

मऊ लागेल तेच फळ चांगलं, हा सीताफळाबद्दलचा पहिला गैरसमज. हे फळ झाडावरून उतरवल्यावर पिकतं. त्याच्या अंगावरच्या फुगवट्यांना डोळे म्हणतात. फळ जून झालं की दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिथे पिवळट-पांढरी रेघ दिसू लागते. डोळे असे उघडलेले असले की फळ दगडासारखं कडक असू दे, घरी दोन-चार दिवसांत पिकणार. डोळे मिटलेलं कोवळं फळ मात्र अढीत घाला नाहीतर तांदळाच्या डब्यात, ते आक्रसून काळंच पडतं.

वाकडं, एका अंगाने बसलेलं फळ किडकं असणार म्हणून लोक बाजूला सारतात. त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच की त्याच्याकडे भुंगे नीट फिरकले नाहीत. सीताफळ म्हणजे एकाच फुलातल्या कित्येक स्त्रीकेसरांनी मिळून बांधलेली मोट असते. प्रत्येक डोळ्यामागे त्यातला एकेक. फूल आधी मादी अवस्थेत असतं आणि मग नर अवस्थेत जातं, त्यामुळे स्वतःचे पराग सहसा स्वतःच्या कामी येत नाहीत. ते काम फुलात शिरणारे अगदी बारीक भुंगे करतात. जिथे पराग पोचले तिथे बी धरते आणि गर भरतो. जी बाजू राहून गेली ती बसते. तेव्हा वाकड्या फळात गर थोडा कमी, गोडीत उणं काही नाही. डोळ्यांच्या खाचांत कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल, तर तो पिठ्या ढेकूण. फळ धुऊन घ्यावं, आणि फार असेल तर दुसरी पाटी बघावी.

नावाचा घोळ मात्र मोठा गोड आहे. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ असा अख्खा परिवार असल्यामुळे हे फळ रामायणकाळापासून आपलंच, असं अनेकांना मनापासून वाटतं. वस्तुस्थिती अशी की या चौघांचंही मूळ घर अमेरिका खंडातलं, आणि सीताफळ इथे आणण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे पोर्तुगीजांना दिलं जातं. भारहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ कोरलेलं आहे, असं पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मांडलं होतं आणि त्यावर वादही झाला; पण मूळ घराबद्दल वनस्पतिशास्त्रात दुमत नाही. म्हणून काय झालं? मिरचीही तिकडचीच, आणि ठेच्याला कोणी परका म्हणत नाही. बालाघाटच्या डोंगरांत सीताफळ इतकं रुजलं की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

अलीकडे मोठी, सोनेरी झाक असलेली, कमी बियांची सीताफळं दिसतात आणि लगेच 'इंजेक्शन दिलंय' अशी कुजबुज होते. असं काही नसतं. ती बहुधा एनएमके-1 गोल्डन या वाणाची असतात; बार्शी तालुक्यातले शेतकरी नवनाथ कसपटे यांनी बागेतली सरस झाडं निवडत हा वाण तयार केला. गर भरपूर आणि टिकतंही जास्त. माझं मत विचाराल तर वास आणि रवाळपणा जुन्या गावठी फळाचाच. हा रवाळपणाही भेसळ नव्हे बरं का. गरातल्या कठीण पेशी जिभेला तशा लागतात.

घरी आणलेली कडक फळं फ्रिजमध्ये टाकणं म्हणजे पैसे वाया. थंडीने साल काळी पडते आणि पिकण्याची क्रिया बिघडते. आधी बाहेर पिकू द्यावीत, मग हवं तर एखादा दिवस आत. बासुंदी कडवट झाली की फळाला बोल लावतात, पण चूक बहुधा आपली असते. सीताफळाचा गर तापवला की कडसर होतो. दूध आटवून पूर्ण गार करावं आणि मगच गर घालावा.

सीताफळाने सर्दी होते, ही आजीच्या काळापासूनची समजूत. सर्दी होते ती विषाणूंमुळे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र बेताने खावं. 100 ग्रॅम गरात सुमारे 23 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि मोठं फळ एकट्याने संपवायला वेळ लागत नाही.

एखादी बी चुकून अख्खी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही. कवच टणक असल्यामुळे ती सहसा तशीच बाहेर पडते. चावून खाऊ मात्र नये, आतला भाग विषारी असतो. उवांवर घरगुती उपाय म्हणून बियांची पूड डोक्याला लावतात, तीही लावू नये. डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. पानंही अशीच कडू जहाल. मल्हारगड उतरताना शेरडं बघा. बोरी-बाभळी ओरबाडून खातील, पण सीताफळाचं झुडूप हुंगून पुढे जातील. उघड्या, मुरमाड डोंगरावर कुंपण नाही, राखण नाही, तरी हे झाड उभं राहतं ते यामुळे.

आम्ही उतरत होतो तेव्हा वाटेकडेच्या फांदीवर हाताशी एक फळ होतं. बघितलं तर डोळे मिटलेले. तसंच ठेवलं.